लिहिणारे पुष्कळ, वाचणारे किती? विद्यार्थी-लेखकांचे जागतिक ऑनलाइन गट कसे चालतात

पंधरा-सोळा वर्षांचं मनापासून लिहिणारं मूल बहुतेक वेळा आपल्या वर्गात एकटंच असतं. वाचणारे मित्र असतात, कौतुक करणारे शिक्षक असतात, पण स्वतः लिहून, खोडून, पुन्हा लिहून पाहणारं दुसरं कुणी आसपास नसतं. इंटरनेटमुळे अशी एकेकटी मुलं देशोदेशींहून एकमेकांना सापडू लागली. सापडणं आता सोपं आहे. टिकणं अवघड. बरेचसे गट पहिल्या काही आठवड्यांत गजबजतात आणि मग हळूहळू ओस पडतात, आणि त्याचं कारण सहसा भांडण किंवा कंटाळा हे नसतं. प्रत्येक जण आपलं लेखन घेऊन येतो आणि दुसऱ्याचं वाचायला कुणीच उरत नाही, एवढंच घडतं.

असा गट सुरू करू पाहणाऱ्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी, स्वयंसेवकांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनीही एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: लेखकांचा गट चालतो तो वाचनावर. सदस्य किती घ्यायचे, शब्दमर्यादा किती ठेवायची, वेळापत्रक कसं आखायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

दोन वेगळ्या परंपरा

कल्पना जुनीच आहे. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने १९२०च्या दशकात मुलांनी लिहिलेला मजकूर वर्गातल्याच छोट्या छापयंत्रावर छापून घेत आणि दूरच्या शाळेला टपालाने पाठवत. तिकडून तिथल्या मुलांचं लेखन येई. १९८८ साली न्यूयॉर्क आणि मॉस्कोमधल्या शाळा संगणकाने जोडणारा एक प्रकल्प झाला. त्यातूनच पुढे ‘आयअर्न’ हे शंभरहून अधिक देशांत पसरलेलं शाळांचं जाळं उभं राहिलं. युरोपात २००५ मध्ये शाळा एकमेकींशी जोडणारं ‘ई-ट्विनिंग’ सुरू झालं. या परंपरेत शिक्षक मध्ये असतो, जोड्या ठरलेल्या असतात, वेग संथ असतो.

दुसरी परंपरा खुल्या मंचांची. १९९९ साली एकवीस जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहून काढायची असं ठरवलं, त्यातून ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम वाढला: नोव्हेंबरात पन्नास हजार शब्द. २००६ मध्ये टोरांटोत ‘वॉटपॅड’ हे कथा लिहिण्या-वाचण्याचं संकेतस्थळ सुरू झालं. इथे कुणीही येतं, टोपणनावाने लिहितं, आणि वाचक हजारोंनी असू शकतात.

नवखे विद्यार्थी या दोन्हींची गल्लत करतात. खुल्या मंचावरचा वाचक कथेत रमायला आलेला असतो. ‘पुढचा भाग कधी?’ ही त्याची प्रतिक्रिया लेखकाला पुढचा भाग लिहायला लावते, आणि ते काही थोडं नाही. पण मधला भाग का रेंगाळला हे तो सांगणार नाही. कंटाळला की निघून जाईल. ते सांगायला ओळखीचे, बांधील, थोडके वाचक लागतात. म्हणून या लेखात मुख्यतः छोट्या, बंद गटांबद्दल बोलू.

आधी वाचनाचा हिशेब

समजा सहा जणांचा गट आहे आणि दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाने आठशे शब्द द्यायचे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला बाकी पाच जणांचे मिळून चार हजार शब्द येतात. प्रौढ माणूस इंग्रजीतला साधा मजकूर मनातल्या मनात मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास वाचतो, म्हणजे नुसतं वाचायला सतराएक मिनिटं. हे फसवं आहे. अभिप्राय द्यायचा तर मजकूर दोनदा वाचावा लागतो, खुणा कराव्या लागतात, मग दीडशे-दोनशे शब्द नीट मांडावे लागतात. एका मजकुराला अर्धा तास धरा. पाच मजकुरांना अडीच तास. शाळा सांभाळून पंधरवड्यात अडीच तास निघतात.

आता सदस्य बारा करा. प्रत्येकाला अकरा मजकूर, साडेपाच तास. दुसऱ्या फेरीपासूनच लोक तीन-चार मजकूर वाचून थांबतात, आणि कुणाचे वाचायचे हे मैत्रीवरून ठरू लागतं. ज्याला पहिल्या वेळी एकच अभिप्राय मिळाला तो दुसऱ्या वेळी स्वतःही एकच देतो. गट इथून सुटायला लागतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की मुलांचा उत्साहच संपला.

उपाय सोपा आहे. सगळ्यांची नावं एका यादीत लिहा. प्रत्येकाने आपल्या खालच्या तिघांचं वाचायचं. यादी संपली की पुन्हा वरून सुरुवात. प्रत्येकाला तीन मजकूर, म्हणजे दीड तास, आणि प्रत्येकाला तीन अभिप्राय. पुढच्या फेरीत त्याखालचे तिघे. बारा जणांच्या गटात चार फेऱ्यांत प्रत्येकाने प्रत्येकाचं काही ना काही वाचलेलं असतं. तीनच का? एक वाचक आजारी पडतो किंवा गायब होतो, हे गृहीतच धरायचं. उरलेल्या दोघांची मतं उलटसुलट असली तर लेखक गोंधळतो, पण किमान ऐकायला दोन माणसं तरी असतात. आणि तिघांनीही एकाच परिच्छेदावर बोट ठेवलं तर प्रश्न मिटला, तो परिच्छेद बिघडलेला आहे. तिघांनी सुचवलेले उपाय मात्र तीन निघतात, आणि बऱ्याचदा तिन्ही चुकीचे असतात. दुखणं कुठे आहे हे वाचकाला कळतं. औषध लेखकालाच शोधावं लागतं.

काही गटांत ‘आधी दोन अभिप्राय द्या, मगच स्वतःचं टाका’ असा नियम असतो. नियम चांगला आहे, पण त्यातून पळवाट लगेच निघते: ‘छान लिहिलंय, आवडलं’ असं दोन ठिकाणी लिहून मोकळं व्हायचं. शब्दसंख्येची अट घातली तर हीच स्तुती लांबवली जाते. त्यापेक्षा अट मजकुराशी बांधा. प्रत्येक अभिप्रायात मूळ लेखनातलं एक वाक्य उद्धृत केलेलं हवं आणि जिथे लक्ष उडालं किंवा अर्थ लागला नाही अशी एक नेमकी जागा सांगितलेली हवी. न वाचता हे जमत नाही.

मोठ्या खुल्या गटात वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ऑनलाइन समूहांबद्दल जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ आडाखा आहे: शंभरातले नव्वद फक्त पाहतात, नऊ अधूनमधून काही लिहितात, आणि बहुतेक मजकूर एकाच माणसाकडून येतो. आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण अंदाज बांधायला पुरतात. पाचशे सदस्य झाले म्हणजे पाचशे वाचक मिळाले असं समजू नये. गप्प राहणाऱ्यांना हाकलण्याचीही गरज नाही. त्यातले काही महिनोन्महिने नुसतं पाहून मग लिहायला लागतात. फक्त छोट्या वर्तुळात जागा देताना, आपण वाचणार आहोत हे कबूल करणाऱ्यालाच द्या.

वर्तुळ सहाचं हवं असेल तर आठ जण घ्या. दोन गळतील.

आठ आठवड्यांची फेरी

बेमुदत गटापेक्षा संपण्याची तारीख ठरलेला गट चांगला चालतो. कारण गळती बहुतेक वेळा परीक्षांमुळे होते, आणि जगभर परीक्षा एका वेळी येत नाहीत. दक्षिण गोलार्धातल्या बऱ्याच देशांत शालेय वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन वर्षअखेरीस संपतं. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत ते साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं आणि मे-जूनमध्ये परीक्षा येतात. वर्षभर चालणाऱ्या गटात कुणाची ना कुणाची परीक्षा सदैव असते. आठ आठवड्यांची फेरी असली की मुलं आपली फेरी निवडू शकतात, आणि बाहेर पडणाऱ्याला ‘सोडून गेलो’ असं वाटत नाही.

पहिला आठवडा ओळखीचा. ओळख म्हणजे गाव, शाळा, फोटो नव्हे. दीडशे शब्दांचा लेखनाचा नमुना आणि ‘मला सध्या काय जमत नाही’ यावर दोन ओळी. या दोन ओळी पुढे फार उपयोगी पडतात. ज्याने ‘संवाद कृत्रिम होतात’ असं लिहिलं आहे, त्याच्या वाचकाला कुठे पाहायचं ते आधीच कळलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यात पहिला मजकूर, पाचशे शब्दांपर्यंतच, कारण अभिप्राय देण्याची सवय लागायची असते. तिसरा आठवडा वाचनाचा. चौथ्यात आठशे शब्दांचा मजकूर, पाचव्यात पुन्हा वाचन. सहाव्या आठवड्यात नवं काही लिहायचं नाही. आधीच्या दोनपैकी एक निवडून पुनर्लेखन करायचं. हा आठवडा गाळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण नवं लिहिण्यात मजा जास्त असते. पण मिळालेल्या अभिप्रायाचं काय झालं हे वाचकाला इथेच दिसतं. ते दिसलं नाही तर त्याचा वाचण्यावरचा विश्वास उडतो. सातव्यात पुनर्लेखन मूळ वाचकांकडे जातं, आठव्यात आवराआवर.

तारीख सांगताना

‘रविवारी रात्रीपर्यंत पाठवा’ ही सूचना जागतिक गटात निरुपयोगी आहे. पृथ्वीवर कालविभाग यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या सामायिक प्रमाणवेळेच्या, बारा तास मागेपासून चौदा तास पुढेपर्यंत पसरलेले आहेत, त्यामुळे कागदोपत्री रविवार एकूण पन्नास तास चालतो. मुदत नेहमी यूटीसीत लिहावी आणि सोबत प्रत्येक सदस्याच्या स्थानिक वेळेचा तक्ता द्यावा.

सगळ्यांनी एकाच वेळी भेटायचं म्हटलं तर कुणाची तरी झोप जाणारच. जानेवारीत यूटीसी दुपारी दोनला लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे सहा, लंडनमध्ये दोन, नैरोबीत संध्याकाळचे पाच, दिल्लीत साडेसात, टोकियोत रात्रीचे अकरा आणि ऑकलंडमध्ये उत्तररात्रीचे तीन वाजलेले असतात. म्हणून मुख्य काम लिखित आणि आपापल्या वेळी करण्याचं ठेवावं; थेट भेट फेरीत एक किंवा दोनदा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या विभागाला सोयीची.

एक सापळा मार्चमध्ये येतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोघांमधलं अंतर एका तासाने बदललेलं असतं. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे पुन्हा आठवडाभर गोंधळ. ‘नेहमीच्या वेळी’ भेटायला आलेली निम्मी मुलं या आठवड्यांत रिकाम्या खोलीत बसलेली असतात.

अभिप्राय द्यायचा कसा

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून चालत आलेल्या लेखन-कार्यशाळेमुळे एक पद्धत जगभर पसरली: लेखकाने गप्प बसायचं आणि इतरांनी त्याच्या लेखनाची चर्चा करायची. प्रौढांच्या वर्गात, समोरासमोर, अनुभवी शिक्षक असताना ती चालते. पडद्याआड बसलेल्या, वेगवेगळ्या भाषांतून आलेल्या किशोरांसाठी ती फार कठोर पडते. चेहरा दिसत नाही, आवाजातला मऊपणा पोहोचत नाही, आणि लिहिलेलं वाक्य रात्री पुन्हा पुन्हा वाचता येतं.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास बसवलेली चार पायऱ्यांची पद्धत अशा गटांना अधिक जुळते. आधी वाचक सांगतात, मनात काय राहिलं, काय लक्षवेधी वाटलं. मग लेखक प्रश्न विचारतो. त्यानंतर वाचक प्रश्न विचारतात, पण त्यात मत लपवलेलं नसावं. ‘शेवट इतका घाईत का?’ हा प्रश्न नाही, शेरा आहे. ‘शेवटी वाचकाला काय वाटावं अशी तुझी अपेक्षा होती?’ हा प्रश्न. सर्वांत शेवटी मत, तेही ‘शेवटाबद्दल मला एक सांगायचंय, सांगू का?’ असं विचारून. लेखकाला नाही म्हणण्याची मुभा असते. लिखित गटात चारही पायऱ्यांना मिळून चार-पाच दिवस लागतात, म्हणून पहिल्या दोन एकत्र कराव्यात: लेखकाने मजकुरासोबतच आपले दोन प्रश्न जोडायचे.

हे प्रश्न नेमके असावेत. ‘कसं वाटलं?’ला उत्तर ‘छान’ हेच येणार. ‘भाऊ खोटं बोलतोय हे तुम्हाला कुठल्या ओळीला कळलं?’ असं विचारलं तर तीन वाचक तीन ओळी दाखवतात, आणि लेखकाला आपल्या कथेचा नकाशा मिळतो. वाचकानेही निवाडा न करता आपल्या वाचनाचा वृत्तांत द्यावा. ‘तिसरा परिच्छेद कंटाळवाणा आहे’ यावर वाद होतो. ‘तिसऱ्या परिच्छेदात “तो” म्हणजे भाऊ की मित्र हे कळेना, दोनदा मागे जाऊन वाचलं’ यावर वाद होऊ शकत नाही; ते घडलेलं आहे.

भाषा: एक सामायिक, पण सारखी नव्हे

जागतिक गटाची भाषा बहुधा इंग्रजी होते, आणि त्याबरोबर एक उतरंडही तयार होते. जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलं न कळत शिक्षक बनतात, बाकीची विद्यार्थी. त्यावर साधा नियम: लेखकाने मागितल्याशिवाय व्याकरण दुरुस्त करायचं नाही. चुकीमुळे अर्थच लागत नसेल तेवढंच सांगायचं. नाहीतर पाच अभिप्रायांत पन्नास दुरुस्त्या येतात आणि कथेबद्दल कुणीच बोलत नाही.

परक्या वाचकाला अनोळखी शब्द, पदार्थ, नाती भेटणारच. प्रत्येक ठिकाणी खुलासा मागायची सवय लागली की लेखक आपलं लेखन पर्यटकांसाठी लिहू लागतो आणि ते मरतं. ‘हा शब्द माहीत नव्हता, पण संदर्भाने चाललं’ आणि ‘हा शब्द माहीत नव्हता, म्हणून भांडण का झालं तेच कळलं नाही’ यांत फरक आहे. यातल्या दुसऱ्या प्रकारातच काही करायची गरज असते.

ज्यांना मातृभाषेतच लिहायचं आहे त्यांना मूळ मजकूर आणि स्वतः केलेलं कच्चं भाषांतर असे दोन्ही देऊ द्या. यंत्रभाषांतर कथानक समजायला पुरतं. कवितेची लय, शब्दांची पातळी, विनोद त्यात टिकत नाही, म्हणून त्यावरून शैलीबद्दल मत देऊ नये. तांत्रिक बाजूने एकच पथ्य: सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली देवनागरी दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरं होऊन उतरते. अरबी, उर्दू, हिब्रू उजवीकडून डावीकडे जातात; त्यात इंग्रजी शब्द मिसळले की ओळीतला क्रम उलटापालटा दिसू शकतो. अशा वेळी मजकुरासोबत पीडीएफही ठेवावी.

इथेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा (एआय) प्रश्न येतो. काय चालेल ते पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा: शब्दकोशासारखा वापर, भाषांतराला मदत, पण वाक्यं आणि प्रसंग स्वतःचे. संशय आला म्हणून ‘एआय ओळखणारी’ साधनं वापरू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राने लिहिलेले ठरवले. मर्यादित शब्दसंग्रह, साधी वाक्यं म्हणजे यंत्र, असा त्यांचा हिशेब. जागतिक गटात याचा फटका नेमका ज्यांना सांभाळून घ्यायचं त्यांनाच बसतो. त्यापेक्षा मसुद्याचा इतिहास पाहा: खाडाखोड, आधीची रूपं, टाकून दिलेली सुरुवात. आणि लेखकाला विचारा, हा प्रसंग आधी कुठे होता, का हलवला. ज्याने लिहिलंय तो यावर बोलत राहतो.

साधनं

फार निवडक होऊ नये, पण दोन गोष्टी पाहाव्यात. ज्या देशातून सदस्य येणार आहेत तिथे ती सेवा चालते का? गूगलच्या सेवा चीनच्या मुख्य भूमीत सरळ उघडत नाहीत. आणि इंटरनेट महाग असलेल्या सदस्याला ती परवडते का? आठशे शब्दांचा साधा मजकूर काही किलोबाइटांत मावतो, देवनागरी असली तरी पंधरा-वीस किलोबाइट. तासाभराच्या व्हिडिओ-भेटीला शेकडो मेगाबाइट लागतात. ईमेलवर चालणारं वर्तुळ जुनाट वाटतं, पण ते सर्वांना सामावून घेतं.

सामायिक दस्तऐवज वापरत असाल तर परवानगी ‘टिप्पणी’पुरती ठेवा. ‘संपादन’ खुलं ठेवलं की कुणीतरी मदत म्हणून वाक्यंच बदलून टाकतं आणि मूळ काय होतं ते लेखकालाही आठवत नाही. आवृत्तींच्या इतिहासातून ते परत मिळतं, पण झालेला मनस्ताप जात नाही.

सुरक्षितता: इथे सवलत नाही

वयाचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती लागते. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत ही सीमा १६ आहे, सदस्य देश ती १३ पर्यंत खाली आणू शकतात. भारताच्या २०२३च्या कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली आहे. प्रत्येकासाठी वेगळा हिशेब ठेवण्यापेक्षा १८ खालच्या प्रत्येकाकडून पालकांची लेखी संमती घेणं सोपं पडतं, आणि गरज नसलेली माहिती मुळात मागूच नये.

टोपणनाव घेतलं की ओळख लपली असं नसतं. सामायिक दस्तऐवजावर टिप्पणी केली की खात्यावरचं खरं नाव दिसतं. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव नोंदलेलं असतं. फोनवर काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. गटासाठी टोपणनावाचं वेगळं ईमेल खातं उघडायला लावणं हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

सदस्यांमधले खाजगी संदेश बंद ठेवता येत असतील तर ठेवा. प्रौढ आणि मूल यांच्यात एकास-एक संभाषण कधीच नको. गप्पांच्या प्रत्येक ऑनलाइन खोलीत दोन प्रौढ. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: इतर कुणालाही न मिळणारी भरमसाट स्तुती, वय आणि घरच्यांबद्दल चौकश्या, ‘इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू’, ‘हे आपल्यातच ठेव’, आणि लेखकांच्या गटात हमखास दिसणारी एक: ‘माझी प्रकाशकांशी ओळख आहे’. मुलांना या खुणा पहिल्याच आठवड्यात, न घाबरवता, सांगाव्यात. नॅनोरायमोसारख्या मोठ्या उपक्रमावरही २०२३ मध्ये आपल्या चर्चामंचावरच्या मुलांच्या सुरक्षिततेवरून मोठी टीका झाली. आकार आणि लौकिक यांनी ही जबाबदारी हलकी होत नाही.

दुसरा नाजूक भाग म्हणजे वेदनेचं लेखन. किशोरवयीन मुलं मृत्यूबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल लिहितात, आणि बहुतेक वेळा ते लेखनच असतं. त्यावर बंदी घातली तर ती गप्प होतात. पण निरोपाची भाषा, साधन किंवा वेळेचा नेमका उल्लेख, आणि मसुद्याऐवजी गप्पांच्या खोलीत अवेळी आलेला संदेश दिसला तर त्याकडे साहित्य म्हणून पाहत बसू नये. जबाबदार प्रौढाने त्याच दिवशी, सर्वांसमोर नव्हे, थेट विचारावं आणि पालकांशी किंवा शाळेशी संपर्क करावा. त्यासाठी प्रत्येक सदस्याच्या देशाचा मदत-क्रमांक आणि एक आपत्कालीन संपर्क फेरी सुरू होण्याआधीच हाताशी हवा. रात्री दोनला तो शोधत बसावं लागू नये. आणि ही जबाबदारी वर्तुळातल्या इतर मुलांवर टाकू नये.

हक्क, स्पर्धा आणि ‘अप्रकाशित’

लिहिल्याक्षणी लेखनाचा हक्क लेखकाचा होतो, नोंदणी करावी लागत नाही. लेखनहक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातलं हे तत्त्व जवळजवळ सगळ्या देशांना लागू आहे. अल्पवयीन असल्याने हक्क कमी होत नाही. कल्पनेवर मात्र हक्क नसतो. दोघांनी एकाच कल्पनेवर लिहिलं तर तक्रारीला जागा नाही, वाक्यं उचलली तर आहे.

मुलं अडकतात ती दुसरीकडे. बरीच मासिकं आणि स्पर्धा ‘अप्रकाशित’ लेखनच घेतात, आणि कुणालाही उघडता येईल अशा पानावर टाकलेली कविता त्यांच्या लेखी प्रकाशित झालेली असते. पासवर्डमागच्या बंद गटात वाचलेली सहसा चालते. म्हणून स्पर्धेला पाठवायचं लेखन खुल्या मंचावर टाकण्याआधी थांबावं.

स्पर्धा निवडताना पैसा कुठून कुठे जातो ते पाहावं. रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीची शालेय निबंध स्पर्धा १८८३ पासून चालते. लंडनच्या पोएट्री सोसायटीची ‘फॉइल यंग पोएट्स’ ११ ते १७ वयोगटासाठी आहे, कुठल्याही देशातून पाठवता येते आणि शुल्क नाही. याउलट, पाठवलेल्या प्रत्येकाची ‘निवड’ होते आणि मग आपली कविता असलेलं पुस्तक विकत घ्यायला सांगतात, तो धंदा आहे. अटींमध्ये ‘अनन्य’ (हक्क फक्त त्यांचा) आणि ‘कायमस्वरूपी’ हे दोन शब्द एकत्र दिसले तर सही करण्याआधी मोठ्या माणसाला दाखवावं.

आठवा आठवडा

ऑनलाइन जागा कायमच्या नसतात. किशोर लेखकांसाठी २०१० मध्ये सुरू झालेलं ‘फिगमेंट’ तीन वर्षांत एका मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे गेलं आणि पुढे त्या रूपात उरलं नाही. नॅनोरायमो चालवणाऱ्या संस्थेने मार्च २०२५च्या शेवटी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपले सगळे मसुदे आणि मिळालेले अभिप्राय स्वतःच्या यंत्रावर उतरवून घ्यावेत. साधा मजकूर किंवा पीडीएफ, फाइलच्या नावात तारीख. अभिप्राय लिहिणाऱ्याचा असतो, तो बाहेर कुठे छापायचा तर त्याला विचारावं लागतं.

चालकांनी संमतीपत्रं आणि आपत्कालीन संपर्क किती काळ ठेवणार हे सुरुवातीलाच सांगितलेलं असावं, आणि ती मुदत संपली की नष्ट करावेत. दस्तऐवजांचे सामायिक दुवे बंद करावेत. विसरलेला खुला दुवा वर्षांनंतरही उघडतो. पुढच्या फेरीची नोंदणी लगेच सुरू करू नये, दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. त्या काळात कोण आपणहून कुणाला ‘ती कथा पुढे गेली का?’ असं विचारतंय ते पाहावं. नव्या यादीत वर्तुळाच्या सूत्रधाराची जागा आधी त्यांना देऊन पाहावी.